वर्णक्रमातील बदल आणि सूचींची पुनर्रचना

डेटाबेसमधील सूचीला ग्रंथालयाच्या तालिकेची उपमा शोभते. नोंदी ठराविक क्रमाने लागलेल्या आहेत तोवरच तिचा उपयोग. रूडॉल्फ बायर व एडवर्ड मॅक्राइट यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधातील 'बी-ट्री' रचना याच तत्त्वावर उभी आहे. प्रत्येक टप्प्यावर तुलना करावयाची व एक बाजू सोडून द्यावयाची. तुलनेचा नियमच मध्यंतरी बदलल्यास काय घडते, याचे उदाहरण पोस्टग्रेस-एसक्यूएलच्या इतिहासात सापडते.

अक्षरक्रमाचा निर्णय या प्रणालीने दीर्घकाळ कार्यप्रणालीवर सोपविला होता. लिनक्सवर ते काम बहुधा 'ग्लिबसी' हे ग्रंथालय करी. ऑगस्ट २०१८ मध्ये त्याच्या २.२८ आवृत्तीने आयएसओ १४६५१ या मानकाची २०१६ ची आवृत्ती स्वीकारली आणि क्रम पालटला. अमेरिकन इंग्रजीच्या नियमांनुसार पूर्वी '११' आधी व '१-१' नंतर येई. आता उलट झाले. २०१९ मधील डेबियन १० व रेड हॅट ८ यांतून हा बदल सर्वत्र पोहोचला. तबकडीवरील सूची मात्र जुन्याच क्रमाने राहिल्या.

दोषाची सूचना कोणीच दिली नाही, हे यातील विशेष. तक्त्यात असलेली ओळ सूचीद्वारे सापडेनाशी होई. त्याहून गंभीर म्हणजे, एकमेवतेची तपासणी चुकीच्या शाखेत उतरे व दुसरी तशीच ओळ आत येई. पुढे व्यवस्थापक पुनर्रचना करू लागला, की ती द्विरुक्तीचे कारण देऊन थांबे. पुनर्रचनाच बिघडली असा ग्रह होणे साहजिक होते. वस्तुतः तिने प्रथमच खरी साक्ष दिली होती. अशा वेळी सूचीचा वापर बंद ठेवून तक्ता थेट वाचावा लागे, द्विरुक्त ओळी शोधाव्या लागत, आणि इतर तक्त्यांतील संदर्भ पाहून कोणती ओळ ठेवावयाची हे माणसालाच ठरवावे लागे. त्यानंतरच पुनर्रचना सिद्धीस जाई. अंकांच्या सूचींना ही बाधा नव्हती.

बाराव्या आवृत्तीने (२०१९) लेखन न अडविता पुनर्रचनेची सोय दिली. पण ती मध्येच फसल्यास अवैध सूची मागे उरते व ती हाताने काढावी लागते. पंधराव्या आवृत्तीपासून (२०२२) डेटाबेसच्या वर्णक्रमाची आवृत्ती नोंदली जाते आणि तफावत आढळल्यास इशारा मिळतो. सतराव्या आवृत्तीत (२०२४) प्रणालीचा स्वतःचा वर्णक्रम आला. तो केवळ संकेतांकांनुसार चालतो; भाषेच्या रीतीने क्रम हवा असणाऱ्यांना अद्याप बाहेरच्याच ग्रंथालयावर विसंबावे लागते.