पेव, नोंद आणि वस्तूचा प्रकार

सांगलीजवळच्या हरिपूरची पेवे, म्हणजे जमिनीत खोल खणलेली कोठारे, हळदीच्या साठवणुकीसाठी दीर्घकाळ वापरात होती. तोंड बंद केल्यावर आतला माल दिसत नसल्याने तो कोणता, हे नोंदीवरूनच कळे. संगणकाच्या आज्ञावलीतील नाव आणि त्यामागची खरी वस्तू यांच्यातही असेच अंतर असते, आणि ते कसे राखावे याबद्दल संगणकभाषा घडवणाऱ्यांचे मत वेळोवेळी बदलत गेले.

१९६७ मध्ये ओस्लो येथे ओले-योहान दाल आणि क्रिस्टन नीगोर यांनी सिद्ध केलेल्या सिम्युला भाषेत वर्ग, म्हणजे वस्तूचा आराखडा, आणि त्यावरून बेतलेला उपवर्ग या कल्पना प्रथम एकत्र आल्या. ‘माल’ हा वर्ग आणि ‘हळद’ व ‘बेदाणा’ हे त्याचे उपवर्ग मानले, तर हळदीला माल म्हणण्यात धोका नसतो. उलट मालाला हळद ठरवणे, जो टाइप कास्टिंगचा एक प्रकार आहे, हे पडताळणीवाचून अंगलट येऊ शकते. अशा कास्टिंगने वस्तू मुळीच बदलत नाही, तिच्याकडे पाहण्याची परवानगी तेवढी बदलते, हे पाठ्यपुस्तकांत पुरेसे ठसवले जात नाही.

सिम्युलाने ही पडताळणी आज्ञावली चालू असताना करण्याची सोय ठेवली होती. बियार्न स्ट्राउस्ट्रुप यांनी १९७९ पासून घडवलेल्या सी प्लस प्लसला मात्र सी भाषेचे कास्टिंग वारशाने मिळाले, जे लिहिणाऱ्याच्या शब्दावर निमूट विश्वास ठेवी. तपासून होणारे ‘डायनॅमिक कास्ट’ तिच्यात १९९० च्या दशकात आले. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरून हळद नासली, पण कागदावर ती हळदच राहिली असणार. न तपासलेल्या कास्टिंगची गत तशीच.

१९९५ मध्ये जाहीर झालेल्या जावाने चुकीचे कास्टिंग जागीच अडवले. शिवाय ऑब्जेक्टिव्ह-सी भाषेतील ‘प्रोटोकॉल’वरून तिने इंटरफेस घेतला, म्हणजे कोणती मेथड (वस्तूला सांगता येणारी क्रिया) उपलब्ध असेल एवढेच सांगणारा करार. ‘तोलण्याजोगा’ असा इंटरफेस केला, तर त्यातली ‘वजन’ ही मेथड बोलावणाऱ्याला समोर सांगलीची हळद आहे की तासगावचा बेदाणा, हे विचारावे लागत नाही. कोणाची मेथड चालवायची, हे प्रत्यक्ष वस्तूवरून ठरते.

जावामध्ये २००४ मध्ये जेनेरिक्स, म्हणजे यादीत कोणत्या प्रकारच्या वस्तू आहेत हे आधीच नोंदवण्याची सोय, आली. त्यापूर्वी यादीतून काढलेली वस्तू तिच्या खऱ्या प्रकाराने वापरायची तर दरवेळी कास्ट करावी लागे. कास्टिंग अर्थात संपले नाही: नाव ‘माल’ या प्रकाराचे असेल आणि त्या प्रकाराला ‘वजन’ ठाऊक नसेल, तर आतली वस्तू तोलण्याजोगी असूनही कंपायलर ती मेथड बोलावू देत नाही.