चाक बाहेर, चूल सेलूत

सेलूच्या वाहतुकीचा इतिहास लिहायला घेतला की आधी रेल्वे येते, मग जिनिंग, मग मोंढा. ट्रक सर्वांत शेवटी येतो आणि ट्रकचा ड्रायव्हर बहुधा येतच नाही. त्याचे कागद मागे राहत नाहीत. हुंडेकऱ्याच्या वह्या राहतात, मालकाचे परवाने राहतात, बिल्टीवर गाडीचा नंबर राहतो. ड्रायव्हरचे नाव असलेच तर कोपऱ्यात, तेही पुष्कळदा नुसते पहिले. अशा जुन्या बिल्ट्या आणि भाड्याच्या वह्या मी बरीच वर्षे जमवतो आहे. त्या चाळताना एक साधा प्रश्न मागे लागला. ज्याचे महिन्यातले वीस-बावीस दिवस रस्त्यावर जातात, त्याने घर कुठे करायचे हे कोण ठरवते आणि कशावरून?

आपल्या भागात हा प्रश्न फार जुना नाही. मराठवाड्यातली लांब पल्ल्याची मालवाहतूक शतकानुशतके लमाणांच्या बैलांवर चालली. 1803 साली असईच्या लढाईच्या मोहिमेत आर्थर वेलस्लीच्या फौजेची धान्याची मोठी भिस्त याच बैलतांड्यांवर होती, आणि असई आपल्यापासून लांब नाही, शेजारच्या जालना जिल्ह्यातच आहे. तांड्यात माल चाले तशी चूलही चाले. बायका, लेकरे, म्हातारी माणसे, सगळे बैलांबरोबर. आगगाडी आली, बैलांचा धंदा बसला, आणि तांडे डोंगराच्या कडेला स्थिरावले. जिंतूर तालुक्यात ते आजही दिसतात. गाडीवानाचे वेगळे होते. कापसाची बैलगाडी दिवसाकाठी सात-आठ कोस जाणार, म्हणजे घर एक-दोन मुक्कामांच्या अंतरावरच. ट्रकने मात्र माणूस आणि चूल यांच्यात हजार-हजार किलोमीटर घातले. घर मग कुठेही असले तरी चालेल असे झाले. आणि कुठेही चालेल म्हटले की निवड आलीच.

सेलूला ट्रक का आला, याचे उत्तर रेल्वेतच आहे. हैदराबाद–गोदावरी खोरे रेल्वे 1900 च्या आसपास इथून गेली, पण ती मीटर गेज होती. मुंबईची लाइन ब्रॉडगेज. म्हणजे सेलूत भरलेली कापसाची गाठ मनमाडला उतरवायची आणि दुसऱ्या डब्यात चढवायची. हमाली वाढायची, दिवस जायचे, पावसात गाठी भिजायच्या. त्यापेक्षा ट्रक जिनिंगच्या दारात उभा राही आणि मुंबईच्या गोदामात रिकामा होई. मनमाडच्या त्या फलाटाने मराठवाड्यात जेवढे ट्रक विकले तेवढे कुठल्या कंपनीने विकले नसतील, असे मी गमतीने म्हणतो. त्यात गंमत थोडी आहे. पुढे 1975 मध्ये राष्ट्रीय परवान्याची योजना आली. तोवर परराज्यात जायचे तर त्या त्या राज्याची प्रतिस्वाक्षरी लागे. परवाना आल्यावर इथला ड्रायव्हर गुजरात, आंध्र, तमिळनाडू करू लागला. फेरी दोन-तीन दिवसांची होती, ती पंधरा दिवसांची झाली.

आता कायद्याकडे बघू. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास काम ठरले. लांबच्या मार्गावर परवानगीने दहा आणि चोपन्न. पण तो लागू होता पाच किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला. आपल्याकडे एक गाडी, एक मालक, एक ड्रायव्हर आणि एक क्लीनर, फार तर दोन गाड्या. 1988 च्या मोटार वाहन कायद्याने तेच तास सर्व मालवाहू गाड्यांच्या चालकांना लावले, पण मोजणार कोण? एसटीच्या ड्रायव्हरला डेपो असतो, ड्यूटीचा तक्ता असतो. त्याचे घर डेपोच्या आसपास आपोआप ठरते. ट्रकवाल्याला डेपो नाही. त्याला सरकार ओळखते ते लायसन्सवरच्या पत्त्याने. 1988 च्या कायद्यात लायसन्स तुम्ही राहता किंवा धंदा करता त्या भागातल्या कार्यालयातच मागावे लागे आणि मालवाहू गाडीचे लायसन्स दर तीन वर्षांनी नवे करावे लागे. 2019 च्या दुरुस्तीने ते राज्यात कुठेही काढता येऊ लागले आणि मुदतही पाच वर्षांची झाली. तोवर ड्रायव्हर महाराष्ट्रभर हिंडला तरी त्याचा कागदोपत्री खुंटा परभणीलाच होता. रेशनकार्डाचे तेच.

पण कागदाच्या खुंट्यामुळे कोणी घर बांधत नाही. नव्वदच्या दशकात सगळे गणित उलटे व्हायला हवे होते. 1989 मध्ये न्हावा शेवा बंदर सुरू झाले, मुंबईचा लोखंडबाजार कळंबोलीला गेला, धान्यबाजार वाशीला. भाडी तिकडे, ट्रान्सपोर्टची ऑफिसे तिकडे, गाडी रात्रभर उभी करायची जागाही तिकडे. सेलूच्या ड्रायव्हरच्या हातातली गाडी एमएच-22 ऐवजी तिकडच्या नंबरची झाली. तरी माझ्या ओळखीतली बरीच घरे सेलूतच राहिली. जाणकार मंडळी म्हणतात, ही जुनी सवय, गाव सुटत नाही. मला हे पटत नाही. सवयीने माणूस वर्षभर थांबेल. तीस वर्षे थांबतो तेव्हा काही हिशेब असतो.

त्या हिशेबाचा एक भाग पुन्हा रेल्वेचाच आहे. त्याच दशकात आपली लाइन ब्रॉडगेज झाली. गाडी कळंबोलीला लावायची, ठाणे किंवा कल्याण गाठायचे, रात्रीची देवगिरी धरायची, सकाळी सेलू. मनमाडला बदली नाही. ज्या रेल्वेने इथल्या मालाला ट्रकवर चढवले, तिनेच ट्रकवाल्याला घरी आणायची सोय केली. सकाळी देवगिरीतून उतरणाऱ्यांत पिशवी खांद्याला, डोळे तांबारलेले, पायात चप्पल असा माणूस दिसला तर तो बहुधा ड्रायव्हर असतो. त्याला रिक्षावाले ओळखतात.

हिशेबाचा मोठा भाग मात्र ड्रायव्हरला विचारून कळत नाही. मी विचारत गेलो आणि जवळजवळ प्रत्येक घरी तो आत बघायचा. "मला काय इचारता, हिला इचारा. राहणार ती हाय." बायका बोलायला लागल्या तेव्हा पहिल्यांदा माझ्या विषयाला जमीन लागली. एका बाईंनी सांगितले, "ह्यांचं काय, ह्यांना कुठंबी झोप लागती. रातच्याला लेकरू फणफणलं तर दार कुणाचं वाजवायचं, ते बघून जागा घेतली." शेजारी दार वाजवण्याजोगे घर हवे. वहीवर माल देणारा किराणा हवा, कारण भत्ता वेळेवर येतोच असे नाही, आणि कळंबोलीत अनोळखी बाईची वही कोण उघडतो? शाळा चालत जाण्याच्या अंतरावर हवी; नूतन विद्यालयाचे नाव मी इतक्या घरी ऐकले की शेवटी लिहून घेणे सोडून दिले. सासू किंवा बहीण गावात हवी. आणि पाणी. टँकर किंवा नळ कधी येईल याचा नेम नसला की घरात दिवसभर एक माणूस अडकून पडते, मग त्या बाईला मजुरीला जाता येत नाही. काही घरी मालमत्ता कराच्या पावत्या पाहिल्या, त्या बाईच्या नावावर होत्या. कारण विचारले तर उत्तर सरळ होते: सहीला माणूस हजर पाहिजे ना.

आणखी एक गोष्ट लिहिणे भाग आहे, कारण ती वह्यांत सापडणार नाही. निवड म्हणताना सगळ्यांना सगळी जागा खुली नसते. "ड्रायव्हर" म्हटले की घरमालकाचा चेहरा बदलतो. दारू, बाहेरचे नाद, महिनोन्‌महिने एकटी बाई, ही सगळी बोलणी खोली दाखवायच्या आधीच होतात. मुसलमान ड्रायव्हरला मोहल्ल्याबाहेर आणि तांड्यावरून आलेल्याला जुन्या गावात भाड्याची खोली मिळवताना काय ऐकावे लागते, ते मी ऐकले आहे. म्हणून यातल्या पुष्कळांनी भाड्याच्या वाटेला न जाता गावाच्या कडेला प्लॉट घेतला आणि एकेक खोली वाढवत नेली. त्या वस्त्यांत दारे वाजवता येतात, कारण शेजारीही गाडीवरचाच. ऊसतोडीला जाणारे कुटुंब कोपीसकट कारखान्यावर जाते. ड्रायव्हरच्या बायकोने मात्र एक भिंत पक्की धरली.

सध्या चर्चा आहे ती जालन्याची. जालन्यात पोलादाचे कारखाने आहेत, सळया भरायला रोज गाड्या लागतात, आणि समृद्धी महामार्ग जालन्यावरून जातो. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाला, शेवटचा इगतपुरी ते आमणे जून 2025 मध्ये. जालना–नांदेड जोडमार्ग आपल्या जिल्ह्यातून जायचा आहे. तरुण ड्रायव्हर म्हणतात, जालन्यात राहिलो तर आठवड्यातून दोनदा घरी जेवता येईल. हे खोटे नाही. बाप महिन्याला एकदा दिसायचा अशा घरात वाढलेली ही पोरे आहेत, त्यांना स्वतःच्या लेकरांसाठी ते नको आहे.

अशाच एका घरी मागच्या उन्हाळ्यात बसलो होतो. नवरा जालन्यातल्या खोलीचे सांगत होता, भाडे, कारखान्यापासूनचे अंतर, सगळे. बायको ऐकत होती. 2012–13 च्या दुष्काळात तिची मावशी जालन्यात राहत होती. शहराच्या पाण्याचे तेव्हा काय हाल झाले ते तिने तिथे महिनाभर राहून पाहिलेले. इकडे ब्रह्मवाकडीचे निम्न दुधना धरण तालुक्यातच आहे. तिने विचारले, तिथे नळाला पाणी किती दिवसांनी येते? नवऱ्याला माहीत नव्हते. त्याने तिथल्या एका क्लीनरला फोन लावला. क्लीनरलाही माहीत नव्हते. तो म्हणाला, बायकोला विचारून सांगतो.