माघारीचा हुकूम

गेल्या पावसाळ्यात भाचा घरी आला होता. माझा संगणक साफसूफ करता करता त्यानं विचारलं, "मामू, तुम्ही तरुणपणी कोणता गेम खेळायचात?" मी नाव सांगितलं, 'वॉरझोन २१००'. कविता लिहिणाऱ्या माणसाच्या तोंडी हे नाव ऐकून त्याला हसू आवरेना. पण थोड्याच वेळात त्यानं तो खेळ इंटरनेटवरून उतरवून घेतला, आणि तोही फुकट. पंचवीस वर्षांनी मी पुन्हा त्या ओसाड रणांगणावर उभा राहिलो.

हा खेळ इंग्लंडमधल्या पम्पकिन स्टुडिओज या छोट्या चमूनं १९९९ साली काढला. अण्वस्त्रांनी जग उद्ध्वस्त झालंय आणि उरलेली माणसं ते पुन्हा उभारू पाहताहेत, अशी त्याची गोष्ट. त्याची गंमत अशी की, यात तयार फौज मिळत नाही. ती आपणच बेतायची. आधी गाडीचा सांगाडा निवडायचा. मग तिला चाकं लावायची, की रणगाड्याचे पट्टे, हे ठरवायचं. वर मशिनगन बसवायची की तोफ, तेही आपणच ठरवायचं. जड सांगाडा मार सोसतो, पण चालतो हळू आणि महाग पडतो. खर्चाला पैसा कुठला? ताब्यातल्या तेलविहिरींतून निघेल तेवढाच.

माझे अब्बा शिंपी होते. गिऱ्हाईक कितीही हौशी असो, कापड मोजल्याशिवाय त्यांनी कात्री कधी उचलली नाही. या खेळातही तेच. कापड तेवढंच असतं. बाही लांब हवी असेल तर खिसा सोडावा लागतो.

तुम्ही म्हणाल, हे सारं पोरखेळ. पण या पोरखेळाची वंशावळ मोठी आहे. १८२४ साली प्रशियाच्या राइसवित्झ नावाच्या तरुण लष्करी अधिकाऱ्यानं नकाशा, ठोकळे आणि फासे घेऊन युद्धाचा खेळ रचला. सेनापती म्युफलिंग यांना तो खेळ न वाटता युद्धाचं शिक्षणच वाटलं, आणि त्यांनी सैन्यात त्याची शिफारस केली. पुढे १९१३ साली एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकानं 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहून शिशाच्या सैनिकांचा खेळ घराघरांतल्या जमिनीवर आणला. खोट्या लढाईत इतका गोंधळ होतो, तर खऱ्या लढाईत काय होत असेल, हे खेळणाऱ्याला कळावं असं त्याला वाटे. वर्षभरातच पहिलं महायुद्ध पेटलं.

पुढे टेबलावरच्या खेळांत गुणांची पद्धत रुजली. प्रत्येक सैनिकाची किंमत गुणांत ठरलेली असते. दोघांना सारखेच गुण, मग त्यात ज्यानं त्यानं हवी तशी फौज उभी करावी. हीच कल्पना संगणकानं उचलली. १९९३ सालच्या 'मास्टर ऑफ ओरायन' या खेळात अवकाशयानं आपणच घडवायची, पण एका वेळी सहाच आराखडे ठेवता येत. सातवा हवा असेल तर जुना एक मोडायचा, आणि त्या आराखड्याची सारी जहाजं त्याच्याबरोबर भंगारात जायची. १९९९ सालच्या 'अल्फा सेंटॉरी'त तर शस्त्र, चिलखत, वाहन, इंजिन, सगळं सुटं सुटं जोडता येई.

या 'अल्फा सेंटॉरी'त एक गोष्ट फार विचारपूर्वक घातलेली आहे. पथकाला विषारी वायूची जोड देता येते. हल्ला जोरदार होतो, पण शहरातली माणसं मरतात, आणि खेळ त्याची नोंद 'अत्याचार' अशी करतो. त्या ग्रहावरचे इतर गट आपल्याशी व्यापार तोडतात. याहून भयंकर बॉम्ब टाकला, तर सगळे मिळून आपल्यावर उलटतात. हत्यार बेतणारा हात मोकळा ठेवलाय, पण हिशेब चुकत नाही. तरुणपणी या हिशेबाकडे मी फक्त व्यापारातला तोटा म्हणून पाहिलं होतं, हे आज कबूल करतो.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. २००० साली, बी.ए. होऊन काही वर्षं झाली होती. मी मिरजेत एका मित्राच्या डीटीपीच्या दुकानात लग्नपत्रिका जुळवायचो. रात्री शटर अर्धं ओढून आम्ही 'वॉरझोन' खेळायचो. त्यात प्रत्येक गाडीला एक हुकूम देऊन ठेवता येतो. थोडं नुकसान झालं की परत फिर, फार झालं की परत फिर, किंवा शेवटपर्यंत लढ. आम्ही हटकून तिसरा हुकूम द्यायचो. माघार घेणं आम्हाला नामर्दपणाचं वाटायचं.

मित्राचा धाकटा भाऊ फौजेत होता. सुट्टीवर आला असताना एका रात्री तो मागे स्टुलावर बसून पाहत होता. बराच वेळ गप्प होता. मग त्यानं एवढंच विचारलं, "भाईजान, ह्यांना परत कधी बोलावता?" आम्ही म्हणालो, "बोलवायचं कशाला? नव्या बनवू." तो काही बोलला नाही. चहा संपवून घरी गेला.

यंदा पुन्हा खेळायला बसलो तेव्हा त्याचा तो प्रश्न आधी आठवला. मी सगळ्या गाड्यांना पहिला हुकूम दिला. थोडी इजा झाली की दुरुस्तीला परत. खेळ लांबला, भाचा कंटाळून झोपला. पण हळूहळू एक लक्षात आलं. या खेळात वाचलेली गाडी अनुभवी होत जाते, तिची बढती होते, तिचा नेम सुधारतो. परत आलेल्या जुन्या गाड्यांच्या बळावरच शेवटी मी ती लढाई जिंकली. गनिमी काव्याच्या मुलखात जन्मलेल्या माणसाला हे उमगायला पंचावन्न वर्षं लागावीत, याची मला थोडी लाजच वाटली.

आणि हा खेळ तरी आज माझ्यापर्यंत कसा पोचला? मूळ कंपनीचं त्यातून लक्ष उडालं, पण खेळणाऱ्यांनी तो सोडला नाही. त्यांच्या आग्रहामुळे २००४ साली त्याची आतली सारी मांडणी सर्वांसाठी खुली झाली. तेव्हापासून ठिकठिकाणचे हौशी लोक पदरमोड करून तो दुरुस्त करत आलेत. तोही असा दुरुस्तीला परत आलेला म्हणूनच वाचला.

फौज कशी बेतावी हे शिकवणारे पुष्कळ भेटतात. ती पाठवताना तिच्या परतीची वाट आखून ठेवावी, हे मला स्टुलावर बसलेल्या एका जवानानं विचारलं होतं. उत्तर द्यायला मला पंचवीस वर्षं लागली.