सायकॉलॉजीचा एक वर्षाचा पीजी डिप्लोमा करताय? आधी क्रेडिट आणि तासांचं गणित समजून घ्या

इन्स्टाग्रामवर 'काही महिन्यांत सायकॉलॉजिस्ट व्हा' अशी एखादी जाहिरात तुमच्याही समोर आली असेलच. मानसिक आरोग्यावर आता उघडपणे बोललं जातं, त्यामुळे पदवीनंतर या क्षेत्रात यावं असं वाटणारेही वाढले आहेत. नोकरी करता करता एक वर्षाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करायचा, असा अनेकांचा बेत असतो. गडबड होते ती प्रवेश घेतल्यावर. कोणता विषय कधी, प्रात्यक्षिकाला किती तास, आणि शेवटी हातात पडणाऱ्या कागदावर काय करता येणार, याचा विचार आधी झालेलाच नसतो.

नाव एक, अभ्यासक्रम वेगळे

मुळात 'पीजी डिप्लोमा' या एकाच नावाखाली बऱ्याच वेगळ्या गोष्टी येतात. महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२३-२४ पासून दोन वर्षांच्या एम.ए.ला ८८ क्रेडिट आहेत. पहिलं वर्ष, म्हणजे ४४ क्रेडिट पूर्ण करून बाहेर पडलात, तर पीजी डिप्लोमा मिळतो. दुसरा प्रकार भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजेच आरसीआयच्या मान्यतेचा. रिहॅबिलिटेशन सायकॉलॉजीचा हा एक वर्षाचा डिप्लोमा मानसशास्त्रात एम.ए. किंवा एम.एस्सी. झाल्यानंतरच करता येतो. आणि तिसरे, विद्यापीठांचे आणि खासगी संस्थांचे समुपदेशनाचे कोर्स. यांचा दर्जा संस्थेगणिक बदलतो.

हा फरक एवढा महत्त्वाचा का? कारण 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' ही बिरुदावली कुणालाही लावता येत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात तिची व्याख्या आहे. आरसीआयने मान्यता दिलेल्या संस्थेतून घेतलेली क्लिनिकल सायकॉलॉजीची पात्रता, किंवा मानसशास्त्रातल्या पदव्युत्तर पदवीनंतर प्रत्यक्ष रुग्णांसोबतच्या प्रशिक्षणासह दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल., असं त्या व्याख्येचं स्वरूप आहे. त्यातल्या एम.फिल.ला यूजीसीने मुदतवाढ दिली ती २०२५-२६ च्या सत्रापर्यंतच. त्यामुळे या वाटेने जायचं असेल, तर आरसीआयच्या वेबसाइटवरची मान्यताप्राप्त कोर्सेसची ताजी यादी पाहूनच पुढचं ठरवावं. एम.ए.चं पहिलं वर्ष करून मिळालेल्या डिप्लोमावर दवाखान्याबाहेर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची पाटी लावता येत नाही. जाहिरातीत मात्र हे बारीक अक्षरातसुद्धा नसतं.

आठवड्याचे तास किती?

आता एम.ए.च्या पहिल्या वर्षाचंच उदाहरण घेऊ. प्रत्येक सेमिस्टरला २२ क्रेडिट असतात. साधारण नियम असा, की थिअरीच्या एका क्रेडिटला १५ तास आणि प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला ३० तास. समजा एका सेमिस्टरला १८ क्रेडिट थिअरीचे आणि ४ प्रात्यक्षिकाचे आहेत. थिअरीचे २७० आणि प्रात्यक्षिकाचे १२०, असे ३९० तास झाले. १५ आठवड्यांत भागले तर आठवड्याला २६ तास. हे फक्त वर्गातले. वाचन, जर्नल लिहिणं, असाइनमेंट वेगळं. पूर्णवेळ नोकरीसोबत हे कसं बसवणार, याचं उत्तर प्रवेश अर्ज भरण्याआधीच शोधलेलं बरं.

पहिल्या सेमिस्टरला संशोधन पद्धती हा ४ क्रेडिटचा विषय सक्तीचा आहे. कॉमर्स किंवा सायन्सवाल्यांना तो फारसा जड जात नाही, पण दहावीनंतर गणिताला रामराम ठोकलेल्यांची इथे दमछाक होते. सरासरी, प्रमाण विचलन, सहसंबंध, टी-टेस्ट या गोष्टी जूनमध्येच उजळून घेतल्या, तर पुढे चाचण्यांचे निष्कर्ष लावणंही सोपं जातं. बुद्धिमत्ता चाचणीचा गुणांक म्हणजे शेवटी संख्याशास्त्रच असतं.

चाचण्या पुस्तकातून येत नाहीत. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात इथल्या मुलांसाठी बेतलेली बिने-कामत चाचणी आजही वापरात आहे, पण ती घ्यायची कशी हे समोर खरंखुरं मूल बसल्यावरच कळतं. त्यामुळे प्रात्यक्षिकासाठी प्रयोज्य कोण, हे सेमिस्टरच्या सुरुवातीलाच ठरवावं लागतं. आयत्या वेळी भाऊ-बहिणींना पकडून जर्नल भरण्याची पद्धत जुनी आहे, आणि परीक्षकांना ती लगेच ओळखू येते.

ओजेटीची खरी अडचण

दुसऱ्या सेमिस्टरला ४ क्रेडिटचं ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्ट असतं. म्हणजे १२० तास. आठवड्यातून दोन दिवस चार-चार तास दिले, तर बरोबर १५ आठवडे लागतात. जागा मिळायला पाच आठवडे उशीर झाला, की आठवड्याचे तास आठवरून बारावर जातात.

त्यातही शाळेत जायचं असेल तर वेळापत्रक आणखी आवळतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या बोर्डाच्या परीक्षा असतात आणि मुख्याध्यापकांना तुमच्यासाठी वेळ नसतो. परवानगीचं पत्र दिवाळीच्या सुट्टीआधी हातात असलेलं चांगलं. हॉस्पिटल किंवा स्वयंसेवी संस्था निवडताना तिथे देखरेख कोण करणार, हे नावानिशी विचारा. नुसतं कोपऱ्यात बसून फॉर्म भरण्यात गेलेले १२० तास कागदावर तेवढेच दिसतात, शिकणं मात्र होत नाही.

इलेक्टिव्ह निवडतानाही एक गोष्ट सुटते. क्लिनिकल, समुपदेशन, औद्योगिक अशी विशेषीकरणं अनेक ठिकाणी दुसऱ्या वर्षी सुरू होतात. वर्षभरात बाहेर पडणाऱ्याला ती मिळतच नाहीत, त्यामुळे पहिल्या वर्षाच्या इलेक्टिव्हवरच त्याची भिस्त असते. नंतर परत यायचं असेल, तर अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा झालेले क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं चालतात.

आणि हे सगळं घरबसल्या करायचा विचार असेल, तर थांबा. यूजीसीने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्रासह आरोग्याशी संबंधित अभ्यासक्रमांचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश बंद केले आहेत. त्यानंतरच्या सत्रासाठी कुणी ऑनलाइन पीजी डिप्लोमा देऊ करत असेल, तर पैसे भरण्याआधी त्यांच्याकडे यूजीसीच्या मान्यतेचं पत्र मागा.