यक्षाने वाट वाकडी का केली?

मेघदूतातली एक गोष्ट मला नेहमी कोड्यात टाकते. रामगिरीवर वर्षभराची शिक्षा भोगणारा यक्ष बायकोला निरोप धाडतो आणि त्याच ढगाला सांगतो, वाट वाकडी करावी लागली तरी उज्जयिनी बघूनच पुढे जा! घाईतला माणूस असे सांगेल? कालिदासाचे उज्जयिनीवरचे प्रेम, असे त्याचे उत्तर देतात. असेलही.

पण सुरुवातीलाच यक्ष म्हणतो, ती दिवस मोजत जिवंत असेलच. न मागता दिलेल्या या ग्वाहीत मला भीती ऐकू येते. अलकेला पोचणे जितके लांबेल तितके बरे! म्हणून शिप्रेचा वारा, म्हणून महाकालाच्या सांजपूजेला ढगाने नगारा व्हायचे. रात्री मात्र प्रियकराकडे निघालेल्या बायकांना वीज दाखव, गरजू नकोस, त्या भित्र्या असतात. हे बोलताना त्याच्या डोळ्यांपुढे कोण असेल?

ते देऊळ इल्तुत्मिशच्या स्वारीत, १२३५ च्या सुमारास पडले. आजचे देऊळ अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर या शेणव्याने उभारले. (आडनाव आपल्या ओळखीचेच!) मधली पाचशे वर्षे तो नगारा निदान श्लोकांत वाजत होता. कुसुमाग्रजांनी तो मराठीत आणला. आपल्या बोरकरांनाही मेघदूताच्या अनुवादाचा मोह आवरला नाही.