बाकी सगळे सारखे धरले तर

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी माझी नात बोईसरहून आमच्याकडे पामला आली होती. ती मुंबईच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकते आणि रोज डहाणू लोकलने ये-जा करते. येताना तिने छापील कागदांचा एक गठ्ठा आणला होता. कॉलेजच्या प्रकल्पासाठी तिला साठीच्या पुढच्या दहा माणसांना काही प्रश्न विचारायचे होते आणि त्यातली दोन माणसे घरातच आयती मिळत होती. एक मी आणि दुसरी माझी थोरली बहीण, आक्का.

पहिला प्रश्न असा होता. एक शिडी आहे असे समजा. तिला तळाशी शून्य आणि वर दहा असे आकडे आहेत. दहावी पायरी म्हणजे तुमच्या दृष्टीने शक्य तितके चांगले आयुष्य आणि शून्य म्हणजे शक्य तितके वाईट. आज तुम्ही कुठल्या पायरीवर उभे आहात?

आक्का म्हणाली, "शिडीवर? अगं, या गुडघ्यांनी मला ओटा चढवत नाही, आणि तू दहावी पायरी कुठली काढलीस!"

आम्ही सगळे हसलो. मी थोडा विचार करून सहा सांगितले आणि आक्काचा रकाना तसाच रिकामा राहिला. पण नात गेल्यानंतर ती शिडी काही माझ्या डोक्यातून उतरेना. सुख ही मोजायची वस्तू आहे असे माणसाला पहिल्यांदा कधी वाटले असेल? आणि वय वाढते तसे ते वाढते की कमी होते, हे कोणी कसे ठरवले? निवृत्त माणसाला वेळ भरपूर असतो. इंटरनेटवर आणि जुन्या पुस्तकांत शोधाशोध करून जे सापडले ते इथे सांगतो.

हा नाद तसा जुना आहे. इंग्लंडमधल्या जेरेमी बेंथम यांनी १७८९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सुखाची मोजदाद कशी करावी याचे निकषच दिले होते. ते किती तीव्र आहे, किती वेळ टिकते, मिळण्याची खात्री किती, ते जवळ आहे की दूर, वगैरे. पुढे १८८१ मध्ये एजवर्थ नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने सुख मोजणाऱ्या यंत्राची कल्पना मांडली. तापमापकात पारा चढतो-उतरतो तसे माणसाचे सुख क्षणाक्षणाला नोंदवणारे यंत्र! ते अर्थातच झाले नाही. मग विसाव्या शतकात लोकांनी सोपा मार्ग काढला. यंत्र नाही तर नाही, माणसालाच विचारावे.

नातीच्या कागदावरची शिडी ही हॅडली कँट्रिल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची. त्यांचे पुस्तक १९६५ साली निघाले. त्यासाठी त्यांनी अनेक देशांत माणसे पाठवून हाच प्रश्न विचारला होता आणि त्या देशांत भारतही होता. भारतातली पाहणी १९६२ सालची. तेव्हा आपल्या लोकांची सरासरी पायरी आली ३.७, अमेरिकेची ६.६. मी त्या वेळी बारा वर्षांचा होतो. आमच्या भागात तेव्हा तारापूरचे अणुवीजकेंद्रही नव्हते आणि कारखानेही नव्हते. अणुवीजकेंद्र १९६९ साली सुरू झाले आणि एमआयडीसी त्यानंतर आली. तीच शिडी आज जागतिक आनंद अहवालात वापरतात. २०२५ च्या अहवालात भारताची सरासरी ४.३९ आहे आणि १४७ देशांत आपला क्रमांक ११८ वा. पाहणीची पद्धत आणि माणसांची निवड वेगळी असल्यामुळे हे दोन आकडे शेजारी मांडून "साठ वर्षांत अर्धी-पाऊण पायरी चढलो" असे म्हणणे बरोबर होणार नाही, पण मोह मात्र होतो.

शिडीशिवाय आणखीही मापे आहेत. एड डीनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये पाच विधानांची एक चाचणी तयार केली. आपल्या आयुष्याबद्दलच्या प्रत्येक विधानाशी तुम्ही किती सहमत आहात ते १ ते ७ मध्ये सांगायचे आणि बेरीज करायची. म्हणजे पैकीच्या पैकी गुण ३५, आणि कोणालाही पाचाच्या खाली जाता येत नाही. डॅनियल काहनेमन यांचे म्हणणे वेगळे होते. एकूण आयुष्याबद्दल विचारले की माणूस हिशेब मांडून उत्तर देतो, पण त्याचा दिवस प्रत्यक्षात कसा गेला ते त्यात येत नाही. म्हणून २००४ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांना कालचा अख्खा दिवस प्रसंगाप्रसंगाने आठवायला लावला आणि प्रत्येक प्रसंगी मनाची अवस्था काय होती ते लिहून घेतले. हिशेबाचे सुख वेगळे आणि दिवसाचे सुख वेगळे, हा फरक मला पटला.

आता वयाकडे येतो. २००८ साली ब्लँचफ्लॉवर आणि ऑस्वाल्ड या दोन अर्थशास्त्रज्ञांनी एक निबंध प्रसिद्ध केला. अनेक देशांतल्या लाखो लोकांची उत्तरे तपासून त्यांनी सांगितले की सुखाचा आलेख वाटीसारखा असतो. तरुणपणी वर, मग उतरत उतरत पंचेचाळिशीच्या आसपास तळाला आणि त्यानंतर पुन्हा चढण. गंमत म्हणजे २००८ हेच माझ्या निवृत्तीचे वर्ष. स्वतःकडे पाहिले तर मला ते खरेच वाटते. १९९५ साली मी पंचेचाळीस वर्षांचा होतो. वडील अंथरुणाला खिळलेले, मुलांची शिक्षणे चालू, घराचे कर्ज डोक्यावर, आणि रोज सायकल मारत शाळा गाठायची. त्या वर्षी कोणी शिडी पुढे केली असती तर मी चारच्या वर गेलो नसतो. निवृत्तीनंतरची पहिली दहा वर्षे मात्र फार छान गेली.

पण मी जन्मभर मुलांचे पेपर तपासलेला माणूस. उत्तर बरोबर आले तरी रीत पाहिल्याशिवाय गुण द्यायची सवय नाही. म्हणून रीत पाहिली, तेव्हा तीन शंका आल्या. शोध घेतल्यावर कळले की या शंका तज्ज्ञांनीही आधीच घेतल्या आहेत.

पहिली शंका वाटीची. गणितात वय आणि वयाचा वर्ग अशी दोन पदे घालून आलेख काढण्याची पद्धत रूढ आहे. आता वर्गसमीकरणाचा आलेख वाटीसारखा नाहीतर पालथ्या वाटीसारखाच येणार, हे नववी-दहावीचा विद्यार्थीही सांगेल. तेव्हा वाटी खरोखर लोकांच्या उत्तरांत आहे की आपण घेतलेल्या साच्यात, हे वेगळे तपासावे लागते.

दुसरी शंका माझ्या शाळेतलीच. पूर्वी पहिलीच्या वर्गात पन्नास मुले असायची आणि दहावीपर्यंत त्यातली पंधरा-वीस पोचायची. बाकीची शेतावर, वीटभट्टीवर नाहीतर बोटीवर गेलेली असत. दहावीच्या वर्गाची सरासरी चांगली दिसायची, पण म्हणून सगळी मुले हुशार झाली असे नव्हे. जी गळली त्यांचे गुण सरासरीत नव्हतेच. सत्तरी-ऐंशीच्या माणसांचेही तसेच आहे. जे फार कष्टात आणि आजारात होते त्यातले बरेचजण उत्तर द्यायला उरलेले नसतात. म्हणून त्याच त्याच माणसांना वर्षानुवर्षे पुन्हा गाठून विचारणे हा खरा मार्ग.

तिसरी शंका मात्र माझ्या घरातली आहे. वयाचा शुद्ध परिणाम काढायचा म्हणून संशोधक म्हणतात, "बाकी सगळे सारखे धरले तर". म्हणजे उत्पन्न, तब्येत, लग्न वगैरे गोष्टी सारख्या धरायच्या आणि फक्त वयाचा फरक पाहायचा. नातीच्या कागदावर 'वैवाहिक स्थिती' असा एक रकाना होता. मी त्यात विधुर या शब्दापुढे खूण केली. माझी पत्नी २०१९ साली गेली. हिशेबात तेवढी तूट भरून काढतील आणि मग म्हणतील की पंचाहत्तरीचा माणूस सुखी आहे. पण म्हातारपण म्हणजे तरी दुसरे काय असते? जोडीदार जातो, दात जातात, डोळे जातात, मित्रांच्या दहाव्याला जावे लागते. ते सगळे बाजूला काढून जे उरते ते वय, असे गणितात म्हणता येते. सकाळी दोन कप चहा टाकून मग एक ओतून देणाऱ्या माणसाला कसे म्हणता येणार?

काही संशोधकांनी हाच आक्षेप घेतला आहे आणि दुसऱ्या बाजूचे म्हणतात की कारणे शोधायची तर एकेक गोष्ट वेगळी करावीच लागते. दोघांचेही बरोबर आहे. प्रश्न कुठला विचारला आहे ते मात्र ठळक अक्षरात लिहायला हवे.

आपल्याकडे या विषयाचे मोठे काम मुंबईतच झाले आहे, हे मला माहीत नव्हते. देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे, १९५६ साली स्थापन झालेली. तिने २०१७-१८ मध्ये देशभरातल्या पंचेचाळीस आणि त्यापुढच्या वयाच्या माणसांची व त्यांच्या जोडीदारांची पाहणी केली. सुमारे ७२ हजार माणसे. डीनर यांची ती पाच विधानेही त्यात होती. त्याच माणसांना पुढे पुन्हा भेटायचे अशी योजना आहे, म्हणजे माझ्या दुसऱ्या शंकेचे उत्तर कधीतरी मिळेल. त्या पाहणीवरून २०२४ च्या जागतिक आनंद अहवालात भारतावर एक प्रकरण आले. त्यात दिसले की भारतातही वाढत्या वयाबरोबर समाधान जास्त आढळते, ते फक्त श्रीमंत देशांतच असते असे नाही. मात्र पाहणी पंचेचाळिशीपासून सुरू होत असल्यामुळे वाटीची डावी बाजू तिच्यात नाही. आणखी एक गोष्ट त्यात होती. म्हाताऱ्या माणसाच्या समाधानाशी सगळ्यात घट्ट जोडलेली बाब कोणती, तर आपण जिथे आणि ज्यांच्याबरोबर राहतो ती व्यवस्था आपल्याला पसंत आहे की नाही.

हे वाचल्यावर मला आक्का आठवली. भाऊजी गेल्यावर ती वर्षभर मुलाकडे मुंबईला राहिली. मुलगा-सून दोघेही चांगले, कशाला काही कमी नव्हते. तरी ती पामला माझ्याकडे आली. कारण विचारले तर म्हणाली, "तिथे दारावरून जाणारं माणूस दिसत नाही रे."

आता आक्काचे वय किती, हाही एक प्रश्नच आहे. मतदार ओळखपत्रावर ८२ आहे, तेही कोणीतरी अंदाजाने घातलेले. ती शाळेत गेलीच नाही. माझीही गोष्ट फार वेगळी नाही. दाखल्यावर माझी जन्मतारीख १ जून १९५० आहे, पण आई सांगायची की मी नारळी पौर्णिमेच्या दोन दिवस आधी झालो. गुरुजींनी शाळा सुरू होण्याच्या हिशेबाने १ जून लिहून टाकला. पुढे मी स्वतः शिक्षक झाल्यावर कितीतरी मुलांचा १ जून लिहिला. म्हणून तर दर ३१ मे रोजी महाराष्ट्रात सरकारी नोकर आणि शिक्षक एकदम निवृत्त होतात. जनगणनेतही ५०, ६०, ७० अशा गोल वयांवर गर्दी दिसते. म्हणजे त्या सुंदर आलेखाची आडवी रेघसुद्धा आमच्यासारख्यांच्या बाबतीत अंदाजेच!

असो. मूळ गोष्ट सांगायची राहिली. त्या रविवारी कागद भरून झाल्यावर मी सहज नातीला विचारले, "आणि तुझी पायरी?" ती हसत म्हणाली, "आजोबा, मी साठीची नाही, मला चालत नाही." मी हट्टच धरला तेव्हा म्हणाली, "चार."

मला धक्काच बसला. वाटीच्या आलेखाप्रमाणे तिने वरच्या काठावर असायला हवे होते. नंतर वाचले की त्याच ब्लँचफ्लॉवर यांनी सहकाऱ्यांसह २०२५ मध्ये दाखवले आहे की आता बऱ्याच देशांत मनाचा त्रास तरुणांमध्येच सर्वांत जास्त आढळतो आणि जुना आकार मोडला आहे. पण त्या क्षणी मला हे ठाऊक नव्हते. उपदेश तोंडापर्यंत आला होता, तो कसाबसा गिळला. आक्काने मात्र सरळ विचारले, "चार का गं?" मग ती दोघी ओट्यावर बसून बराच वेळ बोलत होत्या. पहाटेची गाडी, गर्दी, परीक्षा, नोकरी मिळेल की नाही, मैत्रिणीचे काही. मी आतूनच ऐकत होतो. बोलता बोलता पाचची रिक्षा चुकली.

निघताना नातीने पुन्हा विचारले, "आक्का आजी, तुझा आकडा राहिलाय."

"आठ लिही," आक्का म्हणाली. "आज तू आलीस म्हणून. उद्या विचारशील तर सहा."

नात माझ्याकडे पाहू लागली. मी म्हटले, आठच लिही, आणि शेजारी पेन्सिलीने तारीख घाल.

तुमच्या घरीही म्हातारी माणसे असतील, त्यांना हा प्रश्न जरूर विचारून पाहा. आणि त्यांचे झाले की घरातल्या विशी-पंचविशीच्या मुलांनाही विचारायला विसरू नका. नात पुढच्या रविवारी परत येणार आहे. रिक्षा सहाची ठरवून ठेवली आहे.