आण्णांची फाईल

परवा शेवगावला गेलो होतो. घराची साफसफाई चालली होती, तेव्हा माळ्यावर एक जुनी सीडी सापडली. वर आण्णांच्या (माझ्या आजोबांच्या) अक्षरात लिहिलेलं, 'आठवणी, २००१'. त्यांनी वहीत लिहिलेलं सगळं गावातल्या एका डीटीपीवाल्याकडून टाईप करून घेतलं होतं. बहात्तरचा दुष्काळ, खडी फोडायला जाणारी माणसं, सुकडी.. सगळं त्यात आहे असं आई सांगते. वही वाळवीनं खाल्ली. छापील प्रत कुणीतरी वाचायला नेली, ती परत आलीच नाही. उरली ही सीडी.

माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे. फाईल उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्यांची चिन्हं. मराठीचा एक काना नाही!

यात त्या डीटीपीवाल्याचा दोष नाही. तेव्हाची पद्धतच तशी होती. विंडोजवरचे बहुतेक मराठी फॉंट म्हणजे एक सोंग होतं. संगणक साठवायचा इंग्रजी अक्षर, आणि फॉंट त्या जागी 'क'चं चित्र दाखवायचा. जागा जेमतेम २५६. त्यातच अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, वेलांट्या कोंबायच्या. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. फॉंट काढला की सोंग उतरलं.

खरं तर प्रमाण आधीपासून होतं. 'इस्की' १९९१ साली भारतीय मानक झालं. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली, आणि तिच्यातली देवनागरी इस्कीच्याच १९८८ च्या रचनेवर बेतलेली होती. पण त्याला ऑपरेटिंग सिस्टीमची साथ हवी. विंडोजमध्ये ती विंडोज २००० पासून मिळाली, आणि एक्सपीतसुद्धा ती सोय सीडी घालून वेगळी चालू करावी लागे. लिनक्सवर 'इंडलिनक्स'सारख्या गटांतली माणसं यासाठी खपली. २००४ मध्ये रेड हॅटनं 'लोहित' हे मुक्त फॉंट आणले.

मग छोट्या सॉफ्टवेअरवाल्यानं कमी खपाच्या सिस्टीमसाठी लिहावं का? दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवायचा मला हक्क नाही. २००३ साली मीच एका किराणा दुकानासाठी उधारीच्या वहीचा प्रोग्रॅम लिहिला होता, व्हीबी ६ मध्ये. एका मित्रानं विचारलं, "लिनक्सवर कधी?" मी हसलो. गिऱ्हाईक एकच, आणि त्याच्याकडे विंडोज (कुठून आलं ते विचारू नका :)). दुसऱ्या सिस्टीमसाठी म्हणजे सगळं पुन्हा लिहा, पुन्हा तपासा, आणि फोन आले की दोन्हीकडचं निस्तरा. एकट्या माणसाला ते झेपत नाही. ते उत्तर मला आजही चूक वाटत नाही.

चूक दुसरीच होती. व्हीबी ६ च्या साध्या चौकटींत युनिकोड मराठी दिसायचं नाही, म्हणून गिऱ्हाइकांची नावं मीही त्याच सोंगाड्या फॉंटात साठवली. पुढे दुकानदाराच्या मुलानं संगणक बदलला. आकडे राहिले, नावं गेली. किती येणं आहे ते कळत होतं, कुणाकडून ते नाही!

नंतर ओंकार जोशींचं 'गमभन' ब्राउझरमध्ये वापरलं. सिस्टीम कुठलीही असो, लिहिलेलं युनिकोडमध्येच राहायचं. म्हणजे रस्ता होता. म्हणून आता माझं मत असं, की छोट्या माणसाला प्रत्येक सिस्टीमवर चालणारं सॉफ्टवेअर मागू नये. पण माणसांनी त्यात जे लिहिलं, ते साध्या, खुल्या रूपात बाहेर काढता आलंच पाहिजे. सॉफ्टवेअर आपलं, शब्द त्यांचे.

असो. एका जुन्या संगणकावर तो फॉंट मिळाला. आता अक्षरागणिक तक्ता करतोय. जुन्या फाईलमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, ती उचलून अक्षराच्या मागे ठेवायची. सदतीस पानांपैकी सहा झाली. पहिलं पान लागल्यावर आईला फोन करून वाचून दाखवलं. थोड्या वेळानं म्हणाली, "आण्णाच बोलताहेत."

उरलेली झाली की सगळ्यांना पाठवतो. मावशी, तोवर धीर धर.